व्हॉल्व्ह बंद करायचे नाहीत

चिमीनं पन्नाशी ओलांडली होती, तरी थोरल्या भावासाठी ती चिमीच. दादा नाट्यगृहात ध्वनियंत्रणा सांभाळायचा. निवृत्त झाला तेव्हा तिथला जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर तो घरी घेऊन आला आणि बाहेरच्या खोलीत खिडकीखाली मांडला. जड लोखंडी पेटी, वर व्हॉल्व्हच्या काचेच्या नळ्या, आत तांबूस उजेड.

दादाचं मत ठाम. व्हॉल्व्ह चालू असताना मरत नाही. गार पडलेला पुन्हा चालू केला की मरतो. म्हणून गाणं वाजो न वाजो, अँप्लिफायर बंद करायचा नाही. शिवाय एकदा पडद्याची कड करपली होती, त्यामुळे तो एकटाही सोडायचा नाही. दोघांपैकी एकानं कायम घरात थांबायचं. दादाला सकाळी फिरायला जायचं असायचं, संध्याकाळी मित्रांकडे पत्ते. मग घरात थांबणारं कोण, हे सांगायला ज्योतिषी नको.

एवढं जपूनही व्हॉल्व्ह जायचेच. दुरुस्तीवाला दर वेळी कानीकपाळी ओरडायचा, "अहो, रात्रंदिवस पेटते ठेवल्यावर दुसरं काय होणार? यांचं आयुष्य तासांवर मोजतात. ऐकून झालं की बंद करा, कितीतरी वर्षं पुरतील." दादा मान डोलवायचा आणि घरी येऊन म्हणायचा, "मध्ये वीज गेली होती ना, तिचाच हा प्रताप."

एके दिवशी चिमीची जुनी मैत्रीण आली. तिचं शिवणकामाचं दुकान होतं, शाळांच्या गणवेशांचं काम अंगावर पडलं होतं. आईच्या आजारपणात घरी बसण्याआधी चिमी कापड बेतायची, आणि तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता.

"दुपारपुरती ये. का कात्री धरायची विसरलीस?"

"कात्री नाही विसरले गं. दुकानाचा रस्ता विसरले."

दादा म्हणाला, "जा की. मी कुठं अडवतोय? फक्त दुपारी माझा डोळा लागतो, तेव्हा याच्यावर लक्ष कोण ठेवणार?"

चिमीनं मैत्रिणीला दारापर्यंत पोचवलं आणि पुन्हा अँप्लिफायरपाशी येऊन बसली. धूळ बसू नये म्हणून खिडकी बंद, त्यात नळ्यांची धग. कपाळावरचा घाम पुसत ती त्या तांबूस उजेडाकडे बघत बसायची. कधी कधी मनात यायचं, एक बटण तर आहे. हात मात्र उचलला जात नसे.

मग एका दुपारी, दादा समोरच खुर्चीत जागा असताना, गाण्याचा आवाज चिरकला आणि खोल गेला. वीज गेली नव्हती, कुणी बटणाला हात लावला नव्हता.

"तू काही केलंस?"

"तुझ्या डोळ्यांदेखत?"

दादानं स्वतःच तारा सोडवल्या. अँप्लिफायर दुरुस्तीला गेला. नवे व्हॉल्व्ह बाहेरून यायचे, वेळ लागणार होता. दुसऱ्या दिवशी जेवणं उरकताच चिमीनं पायात चपला सरकवल्या.

"कुठं निघालीस?"

"दुकानात. आता लक्ष ठेवायला आहे काय?"

"अगं, पण घर…"

"घरात तू आहेस की."

दादानं खिडकीखालच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. आवाज एकदम उतरला. "तू नसलीस की घर खायला उठतं, चिमे. आई गेल्यापासून."

चिमी चपलांसकट उंबऱ्यावर बसली. राग आला, कीवही आली. इतकी वर्षं ती ज्याची राखण करत होती, तो अँप्लिफायर नव्हताच.

"हे आधी का नाही बोललास?"

"बोललो असतो तर थांबली असतीस?"

"थांबलेच असते. पण कशासाठी थांबलेय, ते मला माहीत असतं."

 मग ती उठली आणि गेली. दुकानात पोचायला उशीर झाला, पहिलंच कापड वाकडं कापलं गेलं, पण दुसरं सरळ कापलं गेलं.

यथावकाश अँप्लिफायर घरी आला. दादा आता ऐकून झालं की बंद करतो. नळ्या उत्तम चालतात. चिमी दुपारची दुकानात जाते. मात्र दर आठवड्यात एखाद्या दिवशी, ती ऐन निघायच्या वेळी, दादाचं डोकं दुखायला लागतं. ती दारात उभी राहते. कधी जाते. कधी चपला काढून ठेवते.