‘नको’ म्हणण्यासाठी उघडलेलं दार

न्यूझीलंडमधल्या हिल्सबरोच्या त्या घरात शनिवारी दुपारी बेल वाजली, की एक खेळ सुरू होत असे. अभिनव टीव्हीचा आवाज बंद करी, त्याची आठ वर्षांची लेक सिद्धी सोफ्यामागे दडे आणि भारतातून आलेल्या मनोरमाबाईंनी हातातलं लाटणंसुद्धा हलवायचं नसे.

“शूऽ! पांढरे शर्टवाले आहेत,” अभिनव पडद्याच्या फटीतून बघत कुजबुजला. “मॉर्मन मिशनरी. आत्ता जातील.”

बाहेर पाय घुटमळले आणि फाटक वाजलं.

“बाबा, आर दे गॉन?” सिद्धी खुदखुदत म्हणाली.

“गेले बाई. स्वीट अ‍ॅज, मस्त!”

“घरात तीन माणसं असून कोणी नाही असं दाखवायचं, ही लबाडी झाली,” मनोरमाबाई म्हणाल्या.

“आई, एकदा दार उघडलं की तासभर धर्म ऐकावा लागतो. तुला नाही कळायचं इथलं.”

वाचकहो, हा खेळ आपल्याही घरी चालतो का, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं!

मनोरमाबाईंना मात्र त्या बेलची ओढ लागली होती. मिरजेला त्यांचं दार दिवसभर वाजायचं. बोहारीण यायची, शेजारची आनंदी विरजण मागायला यायची, कोणी नुसतंच डोकावायचं. इथे सून संपदा उजाडायच्या आत ईस्ट टामाकीला कामावर जाई, अभिनव माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसात आणि सिद्धी शाळेत. पार्सल आणणारासुद्धा खोका उंबऱ्यावर ठेवून न बोलता निघून जाई. मग त्या खिडकीशी बसून अंगणातल्या लिंबाच्या झाडाकडे बघत राहत.

मे महिन्यातल्या एका गार, भुरभुरत्या सकाळी पुन्हा बेल वाजली. घरात त्या एकट्याच होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि दार उघडलं.

दोन तरुण मुलं उभी होती. एक उंच, गोरा, नाकाचा शेंडा थंडीने लाल झालेला. दुसरा धिप्पाड, हसऱ्या चेहऱ्याचा, टोंगा बेटांवरचा. दोघांच्या खिशावर नावाची काळी पट्टी.

“किया ओरा, मॅडम. मी एल्डर हॅन्सन. हा एल्डर फिफिता.”

“एल्डर? म्हणजे वडीलधारे?” नर्सच्या नोकरीत शिकलेलं इंग्रजी मनोरमाबाईंनी बाहेर काढलं. “मिसरूड फुटलं नाही अजून. एल्डर मी आहे. आत या, चहा ठेवते.”

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. “थँक यू, मॅडम. पण आम्ही बाहेरच ठीक आहोत. आणि चहा नको.”

बाईंचा चेहरा उतरला. घरातही यायचं नाही आणि चहाही नको! “आमच्या घरचं चालत नाही का तुम्हाला?”

हॅन्सन कानापर्यंत लाल झाला. “नाही, नाही! आम्ही चहा-कॉफी कोणाकडेच घेत नाही. आणि घरात बाई एकटी असेल तर आत जायचं नाही, असा आमचा नियम आहे.”

मनोरमाबाईंना आधी हसू आलं, मग स्वतःचीच लाज वाटली. त्या आत गेल्या. झाडाच्या लिंबांचं सरबत केलं, त्यात चिमूटभर मीठ आणि वेलदोडा टाकला. ओसरीवर दोन खुर्च्या मांडल्या आणि स्वतः उंबऱ्याच्या आत स्टूल घेऊन बसल्या.

हॅन्सनने पुस्तिका काढताच त्यांनी हात वर केला. “बाळ, माझा देव माझ्याजवळ आहे. पुस्तक नको. सरबत पी.”

मुलगा दुखावेल असं त्यांना वाटलं होतं. तो मोकळेपणाने हसला. “मॅडम, या आठवड्यात ‘नको’ असं तोंडावर सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच!”

“मॅडम नको. आजी म्हण. आई कुठे असते तुझी?”

“आयडाहोत, अमेरिकेत. आमचं बटाट्याचं शेत आहे.” तो पेल्यात बघत राहिला. “मिशनवर असताना घरी बोलायचं ते वर्षातून दोनदाच. ख्रिसमसला आणि मदर्स डेला. या रविवारी मदर्स डे आहे, कॉम्प्युटरवर तिला बघेन.”

त्या रविवारी रात्रभर वादळ घोंघावलं. सोमवारी सकाळी अभिनव तोंडात टोस्ट धरून बूट चढवत होता, तेवढ्यात बेल वाजली.

“शूऽ! आता सकाळीसुद्धा? सिद्धी, डाऊन!”

सिद्धी सवयीने सोफ्यामागे गेली. मनोरमाबाई उभ्या राहिल्या. “अभिनव, दार उघड.”

“जातील गं ते.”

“जातील. मीही जायचे.” त्या दाराकडे बघत म्हणाल्या, “शहात्तर साली, आणीबाणीत, मी कुटुंबनियोजनाच्या कामावर होते. गावात शिरले की दारं लागायची. कौलांतून चुलीचा धूर निघायचा, आत कपबश्या वाजायच्या आणि पोर बाहेर येऊन सांगायचं, घरात कोणी नाही. माझं म्हणणं त्यांना पटलं नाही, याचं दुःख नव्हतं. कित्येकदा त्यांचंच बरोबर होतं. पण मी माणूस आहे, हे तरी दिसावं ना! एका म्हातारीने तेवढं दार उघडलं. म्हणाली, ‘बाई, तुझं ऐकायची न्हाय मी, पर पानी पिऊन जा.’ ते पाणी मी अजून विसरले नाही रे!”

बाहेर पावलं वळल्याचा आवाज आला. अभिनवने दार उघडलं.

“सॉरी सर,” हॅन्सन धापा टाकत होता. “ज्यांच्या घरून फोन करायचा होता, त्यांचं इंटरनेट वादळात गेलंय. अमेरिकेत अजून रविवारच आहे. माझी आई कॉम्प्युटरसमोर बसलीय. आजी म्हणाल्या होत्या, काही लागलं तर बेल वाजवा...”

हेच दार आज बंद राहिलं असतं तर!

अभिनवने घड्याळाकडे पाहिलं, मग आईकडे. ऑफिसला उशीर होईल असं कळवून त्याने स्वतःचा लॅपटॉप टेबलावर मांडला. पडद्यावर एक बाई दिसली. ती त्याला डोळे भरून न्याहाळत राहिली. मग म्हणाली, “वाळलास रे. जेवतोस ना वेळेवर?”

हॅन्सनने तोंड उघडलं आणि त्या एवढ्या उंच मुलाला हुंदकाच फुटला. फिफिताने त्याच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने डोळे पुसत त्याने पडदा मनोरमाबाईंकडे वळवला. “मॉम, या आजी.” समुद्रापलीकडच्या आईने ओठांवर हात ठेवला. या आईने हात जोडले.

अभिनव स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता. ‘जेवलास का?’ हा प्रश्न त्याची आई त्याला रोज विचारत होती आणि तो फोनमधून मान वर न करता ‘हो गं’ म्हणत होता. दाराबाहेरचीच नव्हे, घरातलीही माणसं आपण टाळतो, हे त्याला तेव्हा उमगलं. मुलं गेल्यावर तो आईशेजारी येऊन बसला.

“त्या म्हातारीचं सांग ना. कुठलं गाव ते?”

सिद्धीही सोफ्यामागून निघाली आणि आजीच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकू लागली.

थोड्याच दिवसांत हॅन्सनची बदली दुसऱ्या भागात झाली. पुढे मनोरमाबाईही मिरजेला परतल्या. आता त्या तिथल्या दारात बसून हिल्सबरोची ती बेल आठवत. एका रविवारी अभिनवचा फोन आला.

“आई, आज नवीन दोघं आले होते.”

“दार उघडलंस?”

“उघडलं. पुस्तक नको म्हटलं. तुझ्यासारखं सरबत दिलं.”

“वेलदोडा विसरला असशील.”

“विसरलो!” तो हसला, मग जरा थांबला. “आई, तू जेवलीस का?”

“जेवले रे बाळा,” म्हणत त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

मित्रांनो, दारावर आलेल्या प्रत्येकाचं म्हणणं आपण मानलंच पाहिजे असं नाही. पण नाही म्हणायचं तेही दार उघडून, समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणावं. कारण तोही कोणाचा तरी मुलगा असतो आणि त्याची आई कुठेतरी दूर त्याची वाट बघत बसलेली असते.