तिसरा रेग्युलेटर

गिऱ्हाइकं त्याला कानसेन म्हणत, आणि ते काही उगाच नव्हतं. अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे पुष्कळ होते, पण स्पीकरची घरघर नुसती ऐकून आतला कुठला भाग नासलाय ते सांगणारा हा एकटाच. मात्र या कानांचा जाच घरात त्याच्या बायकोला होई. तिचं खाणं त्याला ऐकवत नसे. ओठांची मचमच, जिभेवर घोळणाऱ्या घासाची ओली चपचप, मग गटकन गिळणं. कानावर पडलं की त्याला अशी शिसारी येई की तो ताट उचलून सरळ मागच्या खोलीत, कामाच्या टेबलाशी जाऊन बसे. बिचारी तोंड मिटून खाई, हळूहळू खाई, तरी याच्या कपाळावर आठ्या त्या आठ्याच. शेवटी एके सकाळी ती बोलली, तेही न चिडता.

"आज दुपारी माझ्यासमोर बसून जेवा. मधेच उठलात तर मी भावाकडे जाईन, आणि परत येणार नाही."

तो बसतो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. ती जावी असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. बायकोवर त्याचा जीव होता, फक्त तिच्या जेवण्यावर नव्हता.

मागच्या खोलीत एका संगीतशिक्षिकेचा अॅम्प्लिफायर अर्धवट पडला होता. त्याला विजेचा दाब स्थिर ठेवणारा रेग्युलेटर कुठला बसवायचा, एवढंच ठरायचं राहिलं होतं, कारण या भागाचा स्वतःचा आवाज गाण्यात मिसळतो. त्याची पारखायची रीत ठरलेली होती. इनपुट शॉर्ट करायचं, म्हणजे बाहेरून आत काहीच जाणार नाही; व्हॉल्यूम पूर्ण चढवायचा आणि कान स्पीकरच्या कागदाला भिडवायचा. मग जे ऐकू येईल ते सगळं आतल्या वीजपुरवठ्याचं, सप्लायचं पाप.

पहिला स्विचिंग जातीचा, हाताला गार, पण डासासारखा पिणपिणणारा. दुसरा तीन पायांचा, साधा, कुठल्याही दुकानात मिळणारा. त्याची नुसती सळसळ होती, पण त्या सळसळीमागे आणखी काहीतरी हलल्यासारखं वाटलं. तिसरा शंट रेग्युलेटर, वीज खाणारा, तव्यासारखा तापणारा, पण शांत म्हणजे किती शांत! त्यानं तो सोल्डरचा डाग देऊन जोडला, कान लावला, आणि झटक्यात मागे घेतला.

आत कुणीतरी जेवत होतं.

लाळेनं भिजलेला घास या गालातून त्या गालात जात होता. मधेच दातात अडकलेलं काहीतरी जिभेनं ओढून चोखलं जात होतं. त्यानं वायर तपासल्या, स्पीकर बदलला, तरी चपचप चालूच. स्वयंपाकघरात डोकावला, तर बायको तोंड मिटून बटाटे चिरत होती. कानाला थुंकी लागल्यासारखं वाटून त्यानं तो फडक्यानं खसाखसा पुसला. फडकं कोरडंच होतं. मग पुन्हा पहिला रेग्युलेटर जोडला, तेव्हा त्या पिणपिणीखाली सगळं झाकलं गेलं.

खरं तर तोच तिथे राहू द्यायचा आणि मोकळं व्हायचं. पण आवाजाचा माग लागला की याला राहवतंय थोडंच! किळस गिळून त्यानं तिसरा पुन्हा बसवला. एवढ्यात जेवायची हाक आली. शंट तापून स्थिरावल्याशिवाय खरा कळत नाही, म्हणून चढवलेल्या व्हॉल्यूमसकट सगळं चालू ठेवून तो उठला.

बायको समोर बसली. तिनं घास घेतला आणि तो अंग आवळून वाट पाहू लागला. तिचा जबडा हलत होता, गाल फुगत होता, गळा खालीवर होत होता, पण आवाज काही नव्हता, अगदी कणभरही नाही. त्याला हायसं वाटलं, आणि इतकी वर्षं हिला उगाच छळलं म्हणून वाईटही वाटलं. त्यानं भाजीचा मोठा घास तोंडात घातला आणि चावला.

मागच्या खोलीत चपचप झाली.

त्यानं जबडा थांबवला. तिकडचा थांबला नाही. तिकडे सावकाश, चवीनं चावणं चाललं होतं. मग एक आवंढा गटकन खाली उतरला. त्यानं तोंडात जीभ फिरवली. तोंड रिकामं होतं. घास त्यानं गिळला नव्हता.

मळमळून त्याचे डोळे भरून आले. बायकोला त्याचा वेगळाच अर्थ लागला असावा, कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचा चेहरा उजळला.

"आवडली ना? आणखी वाढू?"

उठावं असं त्याच्या अंगाचा कण न् कण म्हणत होता. पण उठला असता, तर तीही उठली असती. त्यानं ताट पुढे केलं, तिनं वाढलं, आणि मागच्या खोलीत कुणीतरी ओठ चाटले.