गाभोळीच्या रंगाचं घर

त्सुरुओकासान आमच्या गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष आहेत, आणि ते कुणी विसरू नये म्हणून स्वतःच आठवण करून देत असतात. हाकोदातेच्या धक्क्यावर आमची अकरा लाकडी घरं समुद्राकडे तोंड करून उभी आहेत. या वसंतात अध्यक्षांना जुन्या बाजारात त्याच धक्क्याचं शंभर वर्षांपूर्वीचं रंगीत पोस्टकार्ड मिळालं. लगेच सभा.

"बंदराच्या उत्सवाआधी प्रत्येकानं घर मूळ रंगात आणायचं. सगळ्यात जुनं कार्ड दाखवेल तो रंग. सुएकोसान, तुमचं पिवळं होतं."

"आणि तुमचं?"

"पांढरं. होतं तसंच आहे," ते ऐटीत म्हणाले.

माझं घर हिरवं आहे. माझे यजमान तोकुजी दर वर्षी होडीचा उरलेला रंग भिंतीला फासायचे. शेवटचा हात चार वर्षांपूर्वी दिला आणि गेले. दाराजवळ त्यांच्या ब्रशचा एक केस अजून रंगात अडकलेला आहे. त्यावर पिवळा फासायचा? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

गंमत म्हणजे ही कार्डं रंगवायला माझी आजीच बसायची. छापील काळ्यापांढऱ्या कार्डांवर बायका ओळीनं बसून हातानं रंग भरत. एकीकडे आभाळ, दुसरीकडे छपरं, आजीकडे भिंती. पिवळा संपला की हाताला लागेल तो. घर खरं कुठल्या रंगाचं हे बघायला कुणी धक्क्यावर येत नसे. हे सभेत सांगता आलं असतं, पण अध्यक्षांना तोंडी सांगून कधी काही पटलंय?

आजीच्या डब्यात न रंगवलेलं एक कार्ड होतं. अध्यक्षांच्या कार्डावरची दगडी गोदी यात अजून बांधलीच नव्हती, म्हणजे माझं जास्त जुनं. आजीच्याच रंगाच्या पुड्या कालवल्या. माझं घर हिरवं केलं, बाकीची आहेत तशी. त्सुरुओकासानांचं मात्र गाभोळीसारखं गुलाबी, चांगले दोन हात देऊन. मग घरोघर फिरणाऱ्या सूचनांच्या पाटीला लावलेल्या कागदांत ते सरकवलं. कुणी ठेवलं, कोण सांगणार?

चार दिवस काहीच हालचाल नाही. पाचव्या दिवशी अध्यक्ष स्वतः शिडीवर, हातात गुलाबी ब्रश! हसू ऐकू जाऊ नये म्हणून मी खिडकी लावून घेतली.

दोन दिवसांनी, भिंत वाळल्यावर, ते कार्ड घेऊन दारात उभे. कार्डावरच्या त्यांच्या घरावर अंगठ्याचा ठसा उमटला होता, गुलाबी पार फिस्कटून.

"शंभर वर्षांचा रंग हाताला लागतो होय हो, सुएकोसान?"

मी वरमले. "मग रंगवलंत कशाला?"

ते टेकडीवरच्या इस्पितळाकडे बघत राहिले. "मित्सुएला तिथल्या खिडकीतून धक्का दिसतो. पण चार पांढऱ्या घरांत आपलं कुठलं, हे आता तिच्या लक्षात राहत नाही. आमचं लग्न झाल्यापासून गुलाबी घर मागत होती बिचारी. मी म्हणायचो, लोक हसतील."

"मी हसले," मी म्हटलं. फार वाईट वाटलं मला.

"हसा की. सकाळी नर्सचा फोन आला. काचेवर बोट ठेवून 'आमचं, आमचं' करतेय म्हणे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून अध्यक्ष लगेच खेकसले, "कार्ड अस्सल आहे असं मी सभेत सांगणार. तुमची भिंत हिरवीच राहील. तुम्ही तोंड उघडायचं नाही."

"नाही उघडत."

जाता जाता ते फाटकाशी थांबले. "तुमच्याकडे आणखी जुनं कार्ड असेल, तर छपराचंही बघा जरा. तिला लाल आवडतं."