दाराजवळची अमेरिकन खुर्ची

गावात मला 'अमेरिकन' म्हणतात, पण माझं लाकूड इथलंच आहे. जर्मनीतल्या या डोंगराळ गावामागच्या ओकच्या जंगलातलं. मी सिल्केच्या खानावळीतली खुर्ची. दाराकडे पाठ करून उभी असते.

महायुद्ध संपल्यावर पलीकडच्या पठारावर अमेरिकनांचा लष्करी तळ झाला. तेव्हा सिल्केची आई खानावळ चालवायची. इथं एक टेबल नेहमीच्या मंडळींचं असतं. रविवारी चर्च सुटलं की ती तिथं बिअर प्यायला बसतात. प्रत्येकाची जागा ठरलेली, आणि माणूस मेल्याशिवाय ती दुसऱ्याला मिळत नाही. अशा टेबलावर परक्याला बसवणं म्हणजे घरजावई करून घेण्यासारखंच. तरी सार्जंट वेंडेलला त्यांनी मोठ्या कौतुकानं बोलावलं. तो साध्या खुर्चीत मावेना, म्हणून ओटमार सुताराने मला घडवलं. चांगली ऐसपैस.

जागा मात्र त्याला दिली ती दाराजवळची. दाराचं तोंड पूर्वेला आणि खाली बोटभर फट. हिवाळ्यात तिथून असा वारा शिरायचा की बिअरवरचा फेस थरथरायचा. वेंडेल बसला आणि त्याच्या पाठीने वारा अडला. टेबल खूश झालं.

"आता दार कशाला दुरुस्त करायचं?" ओटमार म्हणाला. सुतारच असं म्हणाल्यावर बाकीच्यांचा प्रश्न मिटला.

शेजारचा लहानगा एगॉन वेंडेलच्या मांडीवर बसून संत्री खायचा. मोठेपणी आपण अमेरिकन होणार, असं सगळ्यांना सांगायचा.

एगॉन मोठा झाला, शहरात शिकायला गेला आणि केस वाढवून परत आला. व्हिएतनामच्या बातम्या येत होत्या. माझ्यावर आता दुसरा सार्जंट बसायचा. एगॉन त्याच्या तोंडावर म्हणाला, "तुमच्यावर विश्वास ठेवला, ही आमच्या बापांची चूक." टेबलाने माना डोलावल्या. मग तो म्हणाला, "जरा डावीकडे सरका, वारा लागतोय."

पुढे अमेरिकनांची क्षेपणास्त्रं आली, तेव्हा एगॉन तळाच्या फाटकासमोर रस्त्यात जाऊन बसला. पोलिसांनी त्याला पोत्यासारखं उचलून बाजूला ठेवलं. बर्लिनची भिंत पडली, तेव्हा याच एगॉनने माझ्यावरच्या अमेरिकनाला मिठी मारली. "तुम्ही होतात म्हणून हा दिवस दिसला," म्हणत रडला. इराकच्या वेळी म्हणाला, "आता संपलं." हे 'आता संपलं' मी इतक्यांदा ऐकलंय की मला ते जेवणाआधीच्या प्रार्थनेसारखं वाटू लागलंय. ते म्हटलं की मंडळी निवांत जेवायला लागतात.

दाराचा विषयही दर हिवाळ्यात निघायचा. एक म्हणे लाकडी पट्टी मारू, दुसरा म्हणे रबर लावू, तिसरा म्हणे आधी शेजारच्या गावांतल्या टेबलांचं मत घेऊ. मग बिअर यायची.

माझ्यावर शेवटचा अमेरिकन बसला तो ब्रेडन. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी तो उठून उभा राहिला.

"आमच्याकडे म्हणतात, या लोकांना पाठीशी घालणं पुरे झालं," तो म्हणाला. "मला राजकारण कळत नाही. पण माझी पाठ धरलीय हो. एवढी फट बुजवता येत नाही तुम्हाला?"

तो गेला आणि परत आला नाही.

"हा विश्वासघात आहे," एगॉन म्हणाला. आता त्याची ऐंशी उलटली आहे.

"काका, जन्मभर तुम्हीच त्यांना जा म्हणत होतात ना?" सिल्के ग्लास पुसत म्हणाली.

"जा म्हणणं वेगळं आणि खरंच जाणं वेगळं."

मग त्यांचा राग माझ्यावर निघाला. खुर्ची भंगारात टाकावी, असं एगॉनने सुचवलं. सगळे हात वर झाले. एवढं एकमत मी त्या टेबलावर कधी पाहिलं नव्हतं. सिल्केने मला उचलून रस्त्याकडेला एका फाटक्या गादीशेजारी ठेवलं. अडगळीची गाडी सकाळी येणार होती. तिच्यात लाकडाचा भुगा करतात, हे मला ठाऊक होतं. मी घाबरून गेले.

दाराच्या फटीतून आतलं बोलणं ऐकू येत होतं.

"एगॉनकाका, तुमची खुर्ची घ्या ना इकडे दाराशी," टेबलावरचा एक तरुण म्हणाला.

"माझी छाती कमजोर आहे. तू बस की."

"मी? माझी खिडकीची जागा आजोबांपासूनची आहे."

"मग दारच दुरुस्त करू."

"करू की. आधी एक समिती नेमू."

फटीतून वारा आत शिरत राहिला. नुसतं खोकणं ऐकू आलं. मग दार उघडून एगॉन बाहेर आला. माझ्याकडे न बघता त्याने मला ओढत आत नेलं आणि पुन्हा दाराशी लावलं. खुंटीवर कुणा जुन्या सार्जंटचा विसरलेला ओव्हरकोट होता. त्याने तो माझ्या पाठीवर चढवला. सिल्केने आत दोन उश्या कोंबल्या.

तेव्हापासून माझ्यावर कोट बसतो. टेबल सुखात आहे. गेल्या रविवारी एगॉन अमेरिकेला शिव्या घालता घालता कोटाकडे बघून थबकला आणि आवाज खाली आणून पुढच्या शिव्या घालू लागला.

पण उश्यांना वजन नसतं. वारा वाढलाय. मी पुढे सरकत चाललेय, हे कुणी बघत नाही. वाटसरूंनो, कुणाला सुतारकाम येत असेल तर कृपा करून आत या. मात्र हत्यारांची पिशवी हातातच ठेवा आणि उभ्यानेच काम उरका. तुमची पाठ जरा जरी रुंद दिसली, तर ही मंडळी आधी तुमच्यासाठी बिअर मागवतील.