आईला स्ट्रेस आहे

वच्छलाबाईंना लघवी रोखता येईनाशी झाली त्याला कितीतरी वर्षं लोटली होती, पण ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. उमरेडला घरी माग चालायचा तेव्हापासूनचं हे दुखणं. सुताचा गठ्ठा उचलला, जोराची शिंक आली की थेंब सुटायचा. नवरा शालिकराम वारला, पण त्यालाही शेवटपर्यंत कळलं नाही. पुढे त्या नागपुरात मुलाकडे, वैभवकडे राहायला आल्या आणि दुखणं वाढलं. चालताना खाली काहीतरी उतरल्यासारखं जड वाटायचं. जुन्या लुगड्याच्या घड्या करून त्या आत ठेवायच्या, आंघोळीच्या वेळी धुवायच्या आणि गॅलरीत टॉवेलाखाली लपवून वाळवायच्या. कुठे जायचं असलं की आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी. भजनाला जाणंही त्यांनी सोडलं. कुणी विचारलंच तर गुडघ्यांचं नाव पुढे करायच्या.

कामठीला सुनेच्या, दामिनीच्या, भावाकडे बारसं होतं. तिथे मात्र नाही म्हणता आलं नाही. नाव ठेवून झालं, बायका-माणसं बैठकीत टेकली. दामिनीचे कवडूमामा स्वतःच्या लग्नाच्या दिवशी चुकून भलत्याच मांडवात जाऊन कसे जेवून आले ते सांगू लागले. सगळे पोट धरून हसले. वच्छलाबाईही हसल्या, आणि हसता हसता एकदम गप्प झाल्या. घडी पुरली नव्हती. खालचं सोफ्याचं कव्हर ओलं झालं होतं.

पानं वाढली, सगळे उठले. वच्छलाबाई तिथेच बसून राहिल्या.

"आई, चला ना जेवाले," दामिनी बोलवायला आली.

"मले भूक नाही वं."

दामिनीनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग घट्ट आवळलेल्या निऱ्यांकडे. आतून शाल आणली, त्यांच्या कमरेभोवती गुंडाळली आणि त्यांना न्हाणीघरात नेलं. दाराआडून वच्छलाबाईंना ऐकू आलं. भावजय विचारत होती, "कव्हर काहून काढून राहिली वं?" आणि दामिनी सांगत होती, "अवं, बाळानं ओलं केलं." बाहेर हशा पिकला. बारा दिवसांच्या लेकराच्या नावावर आपलं पाप गेलं, या विचारानं वच्छलाबाईंनी नळ मोठा सोडला आणि तोंडावर पदर दाबला.

परतताना ऑटोत त्यांनी सुनेचा हात धरला. "वैभवले सांगजो नको. तुले माही शपथ आहे."

"नाही सांगत. पण मंग माह्यासंगं डॉक्टरकडे या लागते."

सदर भागातल्या डॉक्टर बाई वयानं लहान होत्या. त्यांनी तपासलं तेव्हा वच्छलाबाईंनी डोळे मिटून घेतले होते. हात धुऊन येत बाई म्हणाल्या, "स्ट्रेस इन्कॉन्टिनन्स आहे. आणि थोडा प्रोलॅप्स."

वच्छलाबाईंनी सुनेकडे पाहिलं. इतकं मोठं नाव ऐकून त्यांना कॅन्सरच आठवला.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या, "नावं अवघड आहेत, दुखणं नाही. इन्कॉन्टिनन्स म्हणजे लघवी धरून ठेवता न येणं. आणि इथे स्ट्रेस म्हणजे डोक्याचा ताण नाही बरं का. खोकलं, हसलं, वजन उचललं की पोटातून लघवीच्या पिशवीवर दाब येतो, तो दाब. खाली ओटीपोटाच्या तळाला स्नायू असतात, झोळीसारखे. त्यांना पेल्विक फ्लोअर म्हणतात. बाळंतपणं झाली, ओझी उचलली, पाळी गेली, की ती झोळी सैल पडते. मग लघवी सुटते आणि आतले अवयव खाली सरकतात. तो प्रोलॅप्स. आपल्या बायका अंग बाहेर येणं म्हणतात ना, तेच."

हा शब्द वच्छलाबाईंनी लहानपणी आपल्या आईच्या तोंडून ऐकला होता, तोही कुजबुजत. डॉक्टरीण तो सोमवार-मंगळवार म्हणावं तसा सहज उच्चारत होती. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

बाईंनी स्नायू आवळण्याचा व्यायाम सांगितला, तो शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टचा पत्ता दिला. त्यानं नाही भागलं तर आत बसवायची रिंग असते, ऑपरेशनही असतं, म्हणाल्या. "पण तीन-चार महिने नेमानं व्यायाम करा आधी. खूप जणींना असतं हे. येत नाहीत, एवढंच."

संध्याकाळी वैभव कामावरून आला. आई डॉक्टरकडे गेली एवढंच त्याला माहीत होतं. "काय म्हणे वं डॉक्टर?"

वच्छलाबाई गोंधळल्या. ऐकलेल्या शब्दांतला एकच शब्द पोरासमोर उच्चारण्यासारखा होता.

"स्ट्रेस आहे म्हणे."

खोटं तर नव्हतं. त्यांना सुटका झाल्यासारखं वाटलं. पण वैभवचा चेहरा उतरला. त्यानं स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"आईले स्ट्रेस? दामिनी, काय होऊन राहिलं या घरात? दिवसभर ती एकटी राहते, तू शाळेत. बोलते तरी का तिच्यासंगं?"

दामिनी एका खासगी शाळेत शिकवत होती. ती हातात पोळपाट घेऊन दारात आली. तिनं एकदा सासूकडे पाहिलं. वच्छलाबाई पायाच्या अंगठ्याकडे बघत बसल्या. दामिनी आत निघून गेली.

त्यानंतर रोज तेच. वैभव आईला जवळ बसवून विचारायचा, "दामिनी काही बोलली का तुले? सांग ना." त्या मान हलवायच्या, आणि आई सुनेला पाठीशी घालते असं त्याला वाटायचं. शेवटी तो म्हणाला, "नोकरी सोड म्हण तिले. आईपेक्षा शाळा मोठी नाही." दामिनी वाढत होती, निजायला जात होती, पण घरात तिचा आवाज उरला नव्हता. वच्छलाबाई सगळं ऐकत होत्या. उठून दोन वाक्यं बोलायची, एवढंच होतं. ती दोन वाक्यं जिभेवर आली की त्यांना तो सोफा दिसायचा.

एका सकाळी डबा भरता भरता दामिनी म्हणाली, "आज शाळेत सांगून टाकते. महिना संपला की सोडते."

"तू काहून बोलत नाही वं त्याले?" वच्छलाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"तुम्ही शपथ घातली ना, आई."

तिचा स्वर चढलाही नव्हता. वच्छलाबाईंना कुणी थोबाडीत मारली असती तरी बरं वाटलं असतं. त्या तशाच बाहेर आल्या. वैभव बूट घालत होता.

"थांब गा. मले टेन्शन नाही काही."

"मंग डॉक्टरनं..."

"ते नाव आहे बिमारीचं. इन्... इन्कान्..." शब्द काही जुळेना. त्यांनी दाराची चौकट धरली. "मले लघवी रोखता येत नाही. हासलं, खोकललं की कपडे ओले होतेत. अंगही खाली आलं आहे. तिले सगळं माहीत होतं. कामठीले तिनंच माही लाज राखली. मी तिचं तोंड बांधलं अन् तू तिले बोलत होता ते बसून आयकलं."

वैभवच्या हातात एक बूट तसाच राहिला. त्यानं विचारलं, "कवापासून?"

"पिंकीच्या येळेपासून." पिंकी त्याची धाकटी बहीण, आता दोन लेकरांची आई.

"बाबाले?"

"नाही."

त्यानं बूट खाली ठेवला. आत दामिनीकडे न बघताच म्हणाला, "शाळेत काही सांगू नको."

"ते मी पाहीन," आतून उत्तर आलं.

बोलून टाकल्यावर हलकं वाटेल असं वच्छलाबाईंना वाटलं होतं. तसं झालं नाही. पुढे कित्येक दिवस त्या मुलासमोर ताट घेऊन बसायच्या नाहीत. वैभवही आईशी बोलताना भिंतीकडे बघायचा. त्यानं दामिनीची माफी मागितली, पण ती लगेच निवळली नाही. फिजिओथेरपिस्टकडे घेऊन जाताना तिनं सासूला स्पष्टच सांगितलं, "मले राग आला होता, आई. लघवीचा नाही. तुम्ही आयकत बसल्या, त्याचा." वच्छलाबाई म्हणाल्या, "आला पाहिजे." दामिनीनं शाळा सोडली नाही.

वच्छलाबाई खाटेवर पडून नेमानं व्यायाम करू लागल्या. श्वास न रोखता आवळायचं, थोडं धरायचं, सोडायचं. हळूहळू शिंकेनं कपडे ओले होणं कमी झालं. अंग मात्र खालीच होतं. पुन्हा दाखवायला बोलावलं त्या दिवशी दामिनीच्या शाळेत परीक्षा होती, म्हणून वैभव आईला गाडीवरून सदरला घेऊन गेला. आईचं नाव पुकारलं तसा तोही उठून आत आला.

डॉक्टर बाईंनी त्याच्याकडे, मग वच्छलाबाईंकडे पाहिलं. "मुलासमोर बोलू ना?"

वच्छलाबाईंनी पदर सारखा केला. त्यांचा चेहरा लाल झाला होता. वैभवनं दामिनीकडून ऐकलेले शब्द आठवून विचारलं, "मॅडम, ते प्रोलॅप्स म्हणजे नेमकं काय? अन् रिंग बसवली तं तिले त्रास होईन का?"

बाई समजावून सांगू लागल्या. वच्छलाबाईंनी मान वर केली नाही, पण त्याला बाहेर जा असंही म्हटलं नाही.