खोली सातमधला बिनवायरचा माईक

मी खोली सातमधला माईक बोलतोय. रॉटरडॅमच्या डेल्फ्सहावन भागात बंदराकाठी एक जुनं गोदाम आहे. त्याच्या दुसऱ्या मजल्यावर, लाल दिव्याखाली, मी एका लोखंडी दांडीला उलटा टांगलेला असतो. दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता एडसन नावाच्या माणसाच्या गाण्यांच्या चॅनलवर नवा व्हिडिओ येतो, त्यात तुम्ही मला हजार वेळा पाहिलं असेल. ऐकलं मात्र बऱ्याच उशिरा असेल, कारण इथे आल्यावर पहिले आठ महिने मला वायरच नव्हती.

आधीचं थोडं सांगतो. माझं पहिलं घर हिल्व्हरसमचं रेडिओ केंद्र. तिथे तेरपस्त्रा नावाचे गृहस्थ रोज सकाळी माझ्यासमोर बसून नद्यांच्या पाण्याची पातळी वाचायचे. लोबिथला इतकी, नायमेगेनला इतकी, दोन सेंटीमीटर वाढ, एक सेंटीमीटर घट. बोटवाले तेवढ्यावर आपला दिवस ठरवायचे. एकोणीस वर्षं मी हे ऐकलं आणि कधी कंटाळलो नाही. एक आकडा चुकला तर एखादी बोट गाळात रुतेल, हे त्या माणसाच्या आवाजात रोज असायचं.

मग केंद्राने नवी यंत्रं घेतली. मी कपाटात गेलो आणि कपाटातून एडसनकडे आलो.

एडसन तवारिश पस्तिशीचा. घराणं आफ्रिकेजवळच्या केप व्हर्डी बेटांवरचं, जन्म इथलाच. त्याला मी रूपामुळे आवडलो. चंदेरी जाळी आणि पुढच्या बाजूला कोरलेलं लाल चिन्ह. त्याने ते चिन्ह कॅमेऱ्याकडे केलं, दांडीचा स्क्रू आवळला आणि म्हणाला, "हिरो मिळाला."

आता हा धंदा कसा चालतो ते ऐका. फ्रीस्टाईल रॅप म्हणजे आयत्या वेळी सुचलेलं गाणं, असं लोक समजतात. इथे सगळे महिनाभर पाठ करून येतात. सकाळी शेजारच्या छोट्या खोलीत दुसऱ्या माईकवर आवाज टिपतात. एडसन तो दुपारपर्यंत कापून, जोडून, घासूनपुसून ठेवतो. मग गायक माझ्यासमोर उभे राहतात आणि स्पीकरवर लागलेल्या स्वतःच्याच आवाजावर ओठ हलवतात. हातवारे मात्र खरे. कानांवर हेडफोन असतात, त्यांची वायर खिशात खोचलेली. कोणी डोळे मिटतं, कोणी माझ्या अंगावर बोट रोखतं, एकाने तर माझी पापी घेतली होती. त्यांचा श्वास माझ्या जाळीवर यायचा, आत माझा पडदा थरथरायचा, आणि तो थरथराट तिथेच विरायचा.

मार्चमधल्या एका मंगळवारी जांदीरा आली. एकोणीस वर्षांची, नर्सिंग शिकणारी. हिवाळ्यात तिचं एक गाणं आलं होतं. ते इतकं गुळगुळीत होतं की वस्तीतली पोरं म्हणू लागली, हा आवाज तिचा नाहीच, कॉम्प्युटरचा आहे. वर्गातल्या मुली तिला विचारायच्या, आज तुझं मशीन घरी विसरलीस का. ती हसून घ्यायची. हे तिने सांगितलं ते कॅमेरा चालवणाऱ्या माईके नावाच्या मुलीला, बुटांची नाडी बांधता बांधता, वर न बघता.

जूनच्या उन्हाळी मेळ्यात गाणाऱ्यांची एकच जागा शिल्लक होती. मेळावाले गुरुवारचा व्हिडिओ बघून ठरवणार होते. तिला ती जागा हवी होती. पण त्याहून जास्त तिला स्वतःचा आवाज परत हवा होता.

लाल दिवा लागला. गाणं सुरू झालं. पहिल्या आठ ओळी झकास गेल्या. नवव्या ओळीला तिचे ओठ मागे पडले. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथेच. पाचव्या वेळी माईकेने कॅमेरा खाली केला आणि म्हणाली, हे असं बाहेर गेलं तर पोरं हिला सोलून खातील.

एडसन वैतागला. स्वतःचंच गाणं पाठ नाही का, असं त्याने विचारलं.

जांदीरा स्पीकरकडे बघत होती. "आठवी आणि नववी ओळ, मध्ये मी श्वास घेतला होता. तो कुठे गेला?"

"काढला. सगळेच काढलेत. श्वास ऐकायला कोणाला आवडतं?"

"मला घ्यायला आवडतो, एडसन."

माईके फस्सकन हसली. एडसनला हसू आलं नाही. त्याने दुपारभर बसून चोवीस श्वास काढले होते आणि त्याला ते काम छान जमल्याचं वाटत होतं. चोवीस श्वासांचं गाणं एका दमात कुठल्या माणसाला म्हणता येणार, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

जांदीराने माझ्याकडे बोट केलं. "याला वायर लाव. मी आत्ता म्हणते."

एडसनने नाना कारणं सांगितली. इथे असं कोणी करत नाही. एक शब्द चुकला तर झाकता येणार नाही. शेवटी खरं बोलला, "अगं, हा चालतो की नाही तेच मला माहीत नाही. शोभेला आहे तो."

शोभेला! एकोणीस वर्षं बोटी सांभाळलेल्याला हे ऐकावं लागलं. पण खरं सांगू, भीती मलाही वाटली. आठ महिने आणि त्याआधीची कपाटातली वर्षं. आत काही गंजलं असेल तर?

वायर मिळाली. वीज अंगात आली तेव्हा गार पाण्यात पाय सोडल्यासारखं वाटलं. एडसनने स्वतः हेडफोन लावले आणि जांदीराला सांगितलं, आवाज तपासायचाय, सकाळी काय खाल्लंस ते सांग. तिने सांगितलं, पावावर लोणी आणि चॉकलेटचे दाणे, आणि वाटेत आईने दिलेलं पास्तेल, म्हणजे टूना माशाची करंजी.

एडसनने मान हलवली. "विहिरीतून बोलल्यासारखं येतंय. संपलाय हा."

मला ओरडून सांगायचं होतं. पण मला दुसऱ्याचं बोलणं पोचवता येतं, स्वतःचं नाही. माझी जाळी दोन्ही बाजूंना सारखीच आहे, पण मी ऐकतो एकाच बाजूने, चिन्हाच्या. आणि ती बाजू आठ महिने कॅमेऱ्याकडे होती. इतके लोक येऊन माझ्या पाठीशी बोलून गेले होते.

जांदीरा माझ्याभोवती फिरली. चिन्हाकडून म्हणाली, "लोणी." मागून म्हणाली, "लोणी." पुन्हा पुढे आली. तिसऱ्या लोण्याला एडसन खुर्चीतून उठला.

त्याने स्क्रू सैल केला आणि मला तिच्याकडे वळवलं. कॅमेऱ्याला माझी पोचे आलेली पाठ दिसू लागली, तिच्यावर रेडिओ केंद्राचा पिवळट कागद चिकटलेला. माईके म्हणाली, हिरोची पाठ तर अगदी माझ्या आजोबांसारखी आहे. एडसन कागद खरवडायला निघाला, तिने त्याचा हात धरला.

जांदीराने हेडफोन लावले. खोलीत आता फक्त तिचा आवाज होता. सकाळच्यापेक्षा जाडसर, किंचित खरखरीत. मी तो जसाच्या तसा पुढे नेला.

*आईचे हात सोलले जहाजांच्या फरश्या पुसून,*
*तुम्ही मलाच विचारता, हा आवाज आणलास कुठून.*

आठव्या ओळीनंतर तिने श्वास घेतला. मोठा, भरपूर. मी तोही नेला. पुढे एका ठिकाणी शब्द निसटला, ती अर्धा ताल गप्प झाली, हसली आणि पुढची ओळ पकडली. संपल्यावर ती घामाघूम होती. एडसनने पहिलं विचारलं, ते हसणं तरी काढू ना?

"एवढं एक काढलंस," जांदीरा म्हणाली, "तर बाकीचंही मशीनचं म्हणतील. राहू दे."

गुरुवारी पाच वाजता तो व्हिडिओ जसाच्या तसा गेला. चेष्टा झालीच. कोणी लिहिलं, माईक उलटा लावलाय, या लोकांना एवढंही कळत नाही. पण आवाज कोणाचा, हे एकानेही विचारलं नाही. सोमवारी मेळावाल्यांचा फोन आला: शनिवारी दुपारी तीनची वेळ, ऊन डोक्यावर, तरी चालेल का? जांदीराने फोन ठेवला आणि मग कोपऱ्यात जाऊन थोडी रडली.

त्या मेळ्याला मी गेलो नाही. मोकळ्या मैदानात, मोठ्या स्पीकरांच्या गर्दीत माझ्यासारखे नाजूक कानाचे नुसते किंचाळतात. तिथे तिच्या हातात दुसराच कोणीतरी होता, काळा, दणकट. माईकेने नंतर ते इथे ऐकवलं. त्याने काम चोख केलं, हे मला मान्य करावंच लागेल.

आज माझी जाळी थोडी चेपलेली आहे आणि वायर कायमची जोडलेली आहे. काही जण अजून ओठ हलवायलाच येतात, त्यांना एडसन शेजारच्या खोलीत पाठवतो. माझ्याकडे येतात ते घाबरलेले असतात. ते मला आवडतात. त्यांना माझं सांगणं थोडंच आहे. एक वीत अंतर ठेवा. अंगठ्या काढून ठेवा, त्या वाजतात. आणि स्वतःचं बोला. पुढचं माझ्याकडे लागलं.