पलीकडच्या बाजूची ओ

वन्संनी चार स्वेटर काढून ठेवले आणि पाचवा हातात घेतला, तेव्हा वहिनीने कपाळाला हात लावला.

"वन्सं, दोन-तीन रात्रींचा प्रश्न आहे. तिकडे संसार थाटायचा नाहीये."

"थंडी वाजली तर तू देणार आहेस का तुझा?"

बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. तंबू, स्टोव्ह, दोऱ्या, स्लीपिंग बॅगा आणि पाणी न शिरणाऱ्या लांबुळक्या पिशव्यांचा ढीग. कयाकच्या, त्या निमुळत्या होडीच्या, पोटात मोठं काही मावत नाही. सगळं लहान पिशव्यांत कोंबायचं, गुडघा रोवून हवा काढायची आणि तोंड गुंडाळून आवळायचं. पडद्यांच्या दुकानात जन्मभर कापड बेतलेल्या वहिनीच्या पिशव्या विटेसारख्या बसत. वन्संच्या मात्र रुसल्यासारख्या फुगून राहायच्या.

समुद्रातून वल्हवत, बेटाबेटांवर तंबू ठोकत जाणारी ही सहल वहिनी आणि तिचा नवरा दरवर्षी करायचे. गाइड तोच, दोघांची कयाकही तीच, ती पुढे आणि तो मागे. यंदाही दोघांनी मिळूनच नावं दिली होती. मग बसडेपोत, गाडीखाली काम करता करता, तो गेला. लोक म्हणाले, राहू दे यंदा. पण वहिनी हट्टाला पेटली. घरी इकडची काडी तिकडे न करणारा तो माणूस शेवटच्या बेटावर सकाळी चहा करून तिला तंबूत आणून द्यायचा. त्या वाळूवर एकदा जाऊन बसल्याशिवाय आपल्याला धड रडताही येणार नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं. आणि खरंच, तेराव्यापासून तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

पण त्या कयाकला दोन माणसं लागतात. तेव्हा मोठी नणंद, जी आजवर भावजयीशी कामापुरतंच बोलत आली होती, म्हणाली, "मी येते." का, ते तिने सांगितलं नाही. वहिनीनेही विचारलं नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी धक्क्याजवळ परीक्षा होती. गाइड प्रत्येक जोडीला कयाक मुद्दाम उलटी करायला लावायचा. उलटली की दोघं दोन बाजूंना वर येतात, मध्ये कयाकचं पोट, एकमेकांना दिसत नाहीत. म्हणून पुढच्याने हाक मारायची आणि मागच्याने ओ द्यायची. ओ आल्याशिवाय कयाकवरचा हात सोडायचा नाही. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी किनाऱ्यावरून टाटा करायचा. वन्सं पोहण्याच्या तलावावर शिकवायच्या, अर्ध्या गावाच्या नाकातोंडात पाणी घालून त्यांनी त्याला पोहायला लावलं होतं. ही परीक्षा त्यांच्या खिजगणतीतही नव्हती.

गाइडने मागच्या सीटपुढची, पायाने सुकाणू वळवायची पट्टी वन्संच्या आखूड पायांसाठी बरीच अलीकडे ओढली. वहिनीने तेवढ्या वेळात लाइफ जॅकेटचे पट्टे उगीचच पुन्हा आवळले.

कयाक उलटली. थंड पाण्याने वहिनीचा श्वास कोंडला. ती वर आली, कयाक धरली आणि ओरडली, "अहो!"

पलीकडून काही नाही.

"अहो! अहो, ऐकलंत का?"

नियम गेला खड्ड्यात, तिने हात सोडला आणि धडपडत पलीकडे गेली. वन्सं तिथेच होत्या, कयाक घट्ट धरून, ओठ मिटून तिच्याकडे बघत.

किनाऱ्यावर गाइडने विचारलं, "ताई, ओ का दिली नाहीत?"

"तिने मला हाकच मारली नाही."

गाइडने कारण ओळखलं असावं. तो दोरी गुंडाळत राहिला. "वहिनी, आणखी एकदा करू. पण नाही जमलं तर उद्या तुम्हाला नेणार नाही. तो असता तरी मी हेच म्हटलं असतं."

दोघी टॉवेल गुंडाळून बाकावर बसल्या.

"तोंडातून निघून गेलं, वन्सं."

"कळलं गं मला. देणारच होते ओ." वन्संनी केस पिळले. "पण वाटलं, माझ्याआधी तोच देईल. म्हणून थांबले."

या बाईचाही भाऊ गेलाय, हे इतके दिवस वहिनीच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली. तिने टॉवेलचं टोक त्यांच्या खांद्यावर टाकलं आणि मनाला बजावू लागली, वन्सं म्हणायचं, वन्सं.

कयाक पुन्हा उलटली. वहिनी वर आली.

"वन्सं!"

"ओ! आहे गं मी."

मग सगळं सुरळीत झालं. कयाक सरळ झाली, एक चढली, दुसरी चढली. गाइडने लांबून अंगठा दाखवला. "उद्या सकाळी निघू या!"

"बघ, जमलं की," मागून वन्सं हसल्या. "उगाच घाबरवलंस. चल, मार वल्हं."

वहिनीने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं होतं. तिची पाठ हलायला लागली. वाळूसाठी राखून ठेवलेलं रडू तिथेच, धक्क्याजवळ फुटलं.

"अगं, काय झालं? लागलं का कुठे?"

"आली नाही हो."

"काय आलं नाही?"

"त्यांना मारायची हाक, 'अहो'. आठवून गिळावी लागेल असं वाटलं होतं. तर तोंडात आलीच नाही. सरळ तुम्हालाच मारली."

मागच्या सीटवरून पुढच्या माणसापर्यंत हात पोचत नाही. वन्संनी तरी एकदा लांब करून पाहिला. मग त्यांनी दोघींच्या वाटणीचं वल्हं एकटीनेच मारत कयाक किनाऱ्याला आणली.